वेबसाईटचे प्रमाणपत्र : दुकानाची किल्ली कोणाच्या हाती?

२०२५ चा मार्च महिना. रमजानचा दुसरा आठवडा चालू होता. धारावीत चामड्याच्या बॅगा, पाकिटे आणि पट्टे बनविणारे आमच्या परिचयाचे एक वयस्क व्यापारी आहेत. सारा मोहल्ला त्यांना चाचा म्हणतो, आम्हीही येथे तेच म्हणू. सकाळी साडेनऊच्या सुमारास त्यांचा फोन आला. "बेटा, दुकान उघडे आहे, माल भरलेला आहे, पण गिऱ्हाईक दारातूनच परत चालले आहे." आम्हाला वाटले, महापालिकेने पुन्हा गल्ली खोदली असावी. चाचा म्हणाले, "ते दुकान नव्हे रे. कॉम्प्युटरवरचे."

चार वर्षांपूर्वी चाचांनी वेबसाईट काढली. बॅगांचे फोटो, भाव, मागणी नोंदविण्याची सोय आणि पैसे भरण्याची सोय, असा साधा मामला. ईदच्या आधीचे तीन आठवडे म्हणजे त्यांची वर्षाची निम्मी कमाई. त्या दिवशी पहाटेपासून जो कोणी वेबसाईट उघडे त्याला बॅगांऐवजी लाल त्रिकोण दिसे आणि खाली इंग्रजीत मजकूर : 'युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट'. म्हणजे तुमचा संपर्क खासगी राहिलेला नाही, कोणी तरी तुमची माहिती चोरण्याच्या प्रयत्नात असू शकेल. दुबईच्या एका घाऊक खरेदीदाराने त्या पडद्याचा फोटो काढून पाठविला आणि विचारले, तुमच्या वेबसाईटवर कोणी कब्जा केला आहे काय? दुकानातील पोरे फोनवर गिऱ्हाइकांना सांगत होती, "काही नाही साहेब, खाली ॲडव्हान्स्डवर दाबा आणि पुढे जा." आम्ही प्रथम ते बंद करविले. जळका वास येत असताना गिऱ्हाइकाला आत या म्हणण्यासारखे ते होते. आज आपल्या वेबसाईटवर धोक्याची सूचना ओलांडायला शिकलेले गिऱ्हाईक उद्या चोराच्या वेबसाईटवरही ती तशीच ओलांडेल.

कब्जा कोणी केला नव्हता. वेबसाईटच्या एसएसएल प्रमाणपत्राची मुदत आदल्या रात्री संपली होती, एवढेच. ब्राउझरमध्ये त्या प्रमाणपत्राचा तपशील उघडून पाहता येतो, तो आम्ही पाहिला. देणारी संस्था 'लेट्स एन्क्रिप्ट', मुदत ९० दिवस. चाचांनी कपाटातून फाईल काढली. वेबसाईट बनविणाऱ्या गृहस्थांची तीन वर्षांची तीन बिले, आणि प्रत्येकात एक ओळ : 'एसएसएल प्रमाणपत्र, वार्षिक शुल्क ४,५०० रुपये'. एकूण १३,५०० रुपये झाले. आता लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था प्रमाणपत्र फुकट देते. एक पैसाही घेत नाही. चाचांनी चष्मा काढून विचारले, "मग मी भरले ते कशाचे?"

या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर प्रमाणपत्र ही काय चीज आहे, ते आधी समजून घ्यावे लागेल. आपल्यापैकी अनेक व्यापारी व कारागीर बंधूंनी गेल्या काही वर्षांत वेबसाईट काढल्या आहेत. त्यातील बहुतेकांची हकिकत चाचांसारखीच निघेल, म्हणून हा विषय जरा खोलात जाऊन मांडत आहोत.

पोस्टकार्ड आणि मोहोरबंद लखोटा

गिऱ्हाईक आपल्या फोनवरून तुमच्या वेबसाईटवर नाव, पत्ता, फोन नंबर लिहितो, तेव्हा तो मजकूर थेट तुमच्याकडे येत नाही. त्याच्या घरचे किंवा हॉटेलचे वायफाय, मग इंटरनेट पुरविणारी कंपनी, मग आणखी चार-सहा ठिकाणची यंत्रे, असा हातोहात प्रवास होतो. पत्ता 'एचटीटीपी' ने सुरू होत असेल तर हा मजकूर पोस्टकार्डासारखा उघडा जातो. वाटेतला कोणीही वाचू शकतो, इतकेच नव्हे तर बदलूही शकतो. तुमच्या बँक खात्याचा नंबर पुसून आपला लिहू शकतो. पत्ता 'एचटीटीपीएस' ने सुरू होत असेल तर तोच मजकूर मोहोरबंद लखोट्यात जातो. शेवटी जोडलेला 'एस' म्हणजे सुरक्षित.

पण लखोटा बंद करून भागत नाही. तो योग्य माणसाच्या हाती पडला की नाही, हेही कळले पाहिजे. दारात उभा असलेला माणूस स्वतःला चाचा म्हणवितो, पण तो चाचाच कशावरून? जुन्या बाजारात परगावच्या पेढीशी पहिला व्यवहार करताना दोघांनाही ओळखणाऱ्या एखाद्या अडत्याची चिठ्ठी लागे. प्रमाणपत्र म्हणजे ती चिठ्ठी. ती देणाऱ्या संस्थांना प्रमाणपत्र प्राधिकरण म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स, सफारी या ब्राउझरांपाशी विश्वासातल्या प्राधिकरणांची यादी आधीपासून भरलेली असते. यादीतल्या संस्थेची चिठ्ठी असेल, चिठ्ठीवरचे नाव वेबसाईटच्या नावाशी जुळत असेल आणि मुदत शिल्लक असेल, तर दार उघडते. यांपैकी एक गोष्ट जरी चुकली तरी लाल त्रिकोण.

या व्यवहारात किल्ल्यांची एक जोडी असते. खासगी किल्ली म्हणजे तिजोरीत ठेवलेला पेढीचा शिक्का. सार्वजनिक किल्ली म्हणजे त्या शिक्क्याचा उमटलेला ठसा, जो जगाला दाखवायचा असतो. ठसा पाहून शिक्का खरा की खोटा हे कोणालाही ताडता येते, पण ठशावरून शिक्का मात्र कोणाला घडविता येत नाही. प्रमाणपत्रात सार्वजनिक किल्ली असते, खासगी किल्ली आपल्या सर्व्हरवरच राहते. गिऱ्हाइकाचा फोन आणि आपला सर्व्हर आधी शिक्का तपासून घेतात आणि मग त्या एका भेटीपुरती नवी गुप्त भाषा आपसांत ठरवितात. भेट संपली की ती भाषाही संपली. हे सारे सेकंदाच्या आत होते. ही खासगी किल्ली व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलने कोणालाही पाठवू नये. ती बाहेर गेली असे वाटले तर जुने प्रमाणपत्र रद्द करवून नवी किल्ली आणि नवे प्रमाणपत्र घ्यावे.

नावाचीही एक गंमत आहे. एसएसएल ही पद्धत अमेरिकेतील नेटस्केप कंपनीने काढली. तिची दुसरी आवृत्ती १९९५ साली बाहेर आली, पहिली कधी बाहेर आलीच नाही. त्या काळात नेटस्केपचे मुख्य शास्त्रज्ञ होते ताहेर एल्गमाल. कैरोत जन्मलेले, कैरो विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकलेले आणि पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला डॉक्टरेट घेतलेले हे इजिप्शियन गृहस्थ. त्यांना एसएसएलचे जनक म्हटले जाते. आज जगभरचा ऑनलाईन व्यापार ज्या पायावर उभा आहे त्या पायात त्यांचा मोठा वाटा आहे, हे आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नसते. १९९९ मध्ये या पद्धतीचे नाव बदलून टीएलएस झाले. जुन्या एसएसएलमध्ये २०१४ साली मोठे भगदाड सापडले आणि २०१५ मध्ये ती वापरू नये असे ठरले. आज जे चालते ते टीएलएसच. २०१८ ची तिची १.३ ही आवृत्ती सर्वांत चांगली. तरीही बाजारात शब्द एसएसएलच राहिला. वनस्पती तूप कोणत्याही कंपनीचे असो, आपण डालडाच म्हणतो ना, तसे. तेव्हा एखाद्याने टीएलएस प्रमाणपत्र वेगळे आणि त्याचे वेगळे पैसे, असे सांगितले तर ते खोटे समजावे.

फुकटचे प्रमाणपत्र खोटे असते काय?

एके काळी प्रमाणपत्राला दरवर्षी हजारो रुपये पडत. लहान दुकानदार त्या वाटेला जात नसे. २०१५ च्या सप्टेंबरात लेट्स एन्क्रिप्टने पहिले प्रमाणपत्र दिले आणि डिसेंबरपासून ते सर्वांना खुले झाले. ही ना-नफा संस्था आहे, देणग्यांवर चालते. तिच्या प्रमाणपत्राने होणारे लखोट्याचे काम आणि विकतच्या प्रमाणपत्राने होणारे काम यांत तिळमात्र फरक नाही.

मग विकतचे कशाला मिळते? प्रमाणपत्राचे तीन प्रकार आहेत. पहिल्यात केवळ वेबसाईटचे नाव तुमच्या ताब्यात आहे एवढेच तपासतात. दुसऱ्यात कंपनीची कागदपत्रे पाहतात. तिसऱ्यात ही तपासणी आणखी कडक असते. या तिसऱ्या प्रकारात पूर्वी पत्त्याच्या पट्टीत कंपनीचे नाव हिरव्या रंगात झळके, म्हणून ते महाग विकले जाई. २०१९ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स या दोघांनीही ती झळक काढून टाकली. तरीसुद्धा 'हिरवी पट्टी मिळेल' असे सांगून ते गळ्यात मारणारे विक्रेते असतात. बँकेला किंवा मोठ्या कंपनीला दुसऱ्या-तिसऱ्या प्रकाराची गरज पडू शकते. बॅगा, अत्तर, कपडा, भांडी विकणाऱ्या लहान पेढीला पहिला प्रकार पुरतो. पैसे भरून घेण्यासाठी आपण पेमेंट गेटवे कंपनीची सोय वापरतो, त्यांनाही वेबसाईट एचटीटीपीएसवर असली म्हणजे झाले.

प्रमाणपत्र नकोच म्हणणारेही भेटतात. आमची वेबसाईट नुसती माहितीची, त्यावर पैसे घेत नाही, असे ते म्हणतात. त्यांनी ध्यानात ठेवावे की २०१८ च्या जुलैपासून क्रोम ब्राउझर प्रत्येक एचटीटीपी वेबसाईटच्या नावाशेजारी 'नॉट सिक्युअर' असा शिक्का मारतो. 'सुरक्षित नाही' अशी पाटी दुकानावर लागलेली असताना आत येणारा गिऱ्हाईक विरळा. शिवाय २०१४ पासून गूगल शोधाच्या क्रमात एचटीटीपीएसला थोडे झुकते माप देते.

चाचांच्या वेबसाईटचे काय बिघडले होते

आता पुन्हा धारावीत. प्रमाणपत्र फुकट आहे, तर दहा मिनिटांत नवे घेऊ, असे आम्ही म्हणालो. पण ते कोठून घेणार? होस्टिंगचे लॉगिन चाचांकडे नव्हते. वेबसाईटच्या नावाची, म्हणजे डोमेनची नोंद पाहिली तर ती वेबसाईट बनविणाऱ्याच्या नावावर. चाचांच्या आजोबांच्या नावाने चाललेली पेढी, त्या नावाचे डोमेन, आणि मालक भलताच. मुदत संपत आल्याची जी ईमेल येतात तीही त्याच्याच पत्त्यावर गेली होती. तो गृहस्थ लग्नाला गावी गेलेला. दोन दिवस फोन लागला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि खरोखरच दहा मिनिटांत काम करून मोकळा झाला. तोवर दुबईच्या खरेदीदाराने त्या खेपेचा माल दुसरीकडून उचलला होता.

मुदत का संपली, तेही त्याने सांगितले. लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्र अवघे ९० दिवसांचे असते, कारण ते माणसाने नव्हे तर यंत्राने नवे करावे अशीच योजना आहे. सर्व्हरवर एक छोटा प्रोग्रॅम बसविला की तो मुदतीच्या महिनाभर आधी आपणहून नवे प्रमाणपत्र आणतो. या गृहस्थांनी डिसेंबरात सगळ्या गिऱ्हाइकांच्या वेबसाईट स्वस्त सर्व्हरवर हलविल्या. प्रमाणपत्रे उचलून तिकडे ठेवली, प्रोग्रॅम बसवायचा राहिला. ९० दिवस झाले आणि दार बंद. एकट्या चाचांचेच नव्हे, आणखी सहा-सात दुकानांचे.

त्या माणसाला आम्ही सर्वस्वी दोष देत नाही. कारागिराला मजुरी मिळालीच पाहिजे. प्रमाणपत्र बसविणे, त्याच्यावर नजर ठेवणे हे काम आहे आणि त्याचे वर्षाला काही पैसे घेतले तर ते रास्त आहेत. पण मग बिलात 'देखभालीची मजुरी' लिहावे आणि देखभाल करावी. फुकटच्या वस्तूला किंमत लावून मजुरी न करणे, याला आपल्या धंद्यात काय म्हणतात ते सांगायला नको. चाचा त्याला एवढेच म्हणाले, "चामडे माझे, शिलाई तुझी, असे सांगून बिल दिले असतेस तर मी हूं की चूं केले नसते."

स्वतः करावयाचे झाल्यास

सर्वांत आधी डोमेन. ते पेढीच्या किंवा मालकाच्या नावावर, मालकाच्या ईमेलवर आणि मालकाच्या फोन नंबरवर असावे. दुसऱ्याच्या नावावर असेल तर नोंद बदलवून घ्यावी, किंवा हस्तांतरणाचा कोड मागून ते आपल्या खात्यात आणावे. चाचांना यासाठी महिनाभर पाठपुरावा करावा लागला. भांडण झाल्यावर कोड मागण्यापेक्षा गोडीत असताना मागावा. त्याच वेळी होस्टिंगचे लॉगिनही घ्यावे. हे दोन हाती असले की पुढचे काम हातखंड्याचे.

तुमची वेबसाईट साध्या सामायिक होस्टिंगवर असेल आणि तेथे सी-पॅनेल असेल, तर 'एसएसएल/टीएलएस स्टेटस' नावाचे पान उघडावे. तेथे तुमची नावे दिसतील. ती निवडून 'रन ऑटो-एसएसएल' हे बटण दाबावे. काही मिनिटांत प्रमाणपत्र बसते आणि पुढे आपणहून नवे होत राहते. काही होस्टिंगवाले विकतचे प्रमाणपत्र खपावे म्हणून ही सोय बंद ठेवतात. असे आढळले तर होस्टिंग बदलणेच बरे. तयार दुकान भाड्याने देणाऱ्या कंपन्यांकडे वेबसाईट असेल तर बहुधा तेच प्रमाणपत्र बसवितात, आपण फक्त डोमेन त्यांच्याकडे वळवायचे.

स्वतंत्र सर्व्हर असेल तर 'सर्टबॉट' हा मोफत प्रोग्रॅम बसवावा लागतो. तो आज्ञा लिहून चालवायचा असल्याने जाणकार पोरगा सोबत हवा. आज्ञेत डोमेनचे नाव दोन्ही तऱ्हांनी द्यावे, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून आणि न लावता. एकच दिले तर दुसऱ्या नावाने येणाऱ्याला लाल त्रिकोण दिसतो आणि मालकाला कळतच नाही, कारण तो नेहमी एकाच नावाने उघडतो. नाव खरोखर तुमच्या ताब्यात आहे हे तपासण्यासाठी संस्था एक खुणेची फाईल तुमच्या सर्व्हरवर ठेवायला सांगते आणि बाहेरून येऊन ती वाचून पाहते. ती वाचण्यासाठी ८० क्रमांकाचे पोर्ट उघडे लागते. प्रत्यक्ष सुरक्षित व्यवहार ४४३ वर होतो. पुष्कळ जण सुरक्षेच्या उत्साहात ८० बंद करून टाकतात आणि पुढचे नूतनीकरण अडते.

क्लाउडफ्लेअरसारखी मधली सेवा घेणाऱ्यांनी एक सेटिंग जरूर पाहावे. तेथे 'फ्लेक्सिबल' निवडलेले असेल तर गिऱ्हाइकापासून क्लाउडफ्लेअरपर्यंत लखोटा बंद, आणि तेथून तुमच्या सर्व्हरपर्यंत पुन्हा पोस्टकार्ड. गिऱ्हाइकाला काही कळत नाही. तेथे 'फुल स्ट्रिक्ट' हवे, आणि आपल्या सर्व्हरवरही प्रमाणपत्र हवेच.

प्रमाणपत्र बसले म्हणजे काम संपले असे नाही, आणि येथेच बरेच जण फसतात. जुन्या एचटीटीपी पत्त्यावर येणाऱ्याला कायमचे एचटीटीपीएसकडे वळवावे लागते. त्याला ३०१ क्रमांकाची वळवणी म्हणतात. नाही तर कुलूप आणले पण मागचे दार उघडेच, अशी गत. दुसरे, पानांतल्या फोटोंचे पत्ते. चाचांच्या वेबसाईटवर चारशेच्या वर फोटो होते आणि त्यांतील जुन्या फोटोंचे पत्ते एचटीटीपीने लिहिलेले. सुरक्षित पानात असा असुरक्षित माल आला की ब्राउझर कुरकुर करतो, काही वेळा तो भाग दाखवीतच नाही. एका दुपारी बसून चाचांच्या नातीने ते सारे बदलले. मुलगी बारावीत शिकते. वेबसाईटचा कारभार आता तीच पाहते, आणि आजोबांकडून मजुरीही घेते.

तिसरी भानगड साखळीची. तुमचे प्रमाणपत्र ज्याने दिले त्याची ओळख पटविणारे मधले प्रमाणपत्रही सर्व्हरने सोबत द्यायचे असते. ते राहून गेले तर गंमत अशी होते की कॉम्प्युटरवर वेबसाईट नीट उघडते आणि काही मोबाईलवर उघडत नाही. मालक म्हणतो माझ्याकडे ठीक आहे, गिऱ्हाईक म्हणतो उघडत नाही, आणि दोघेही खरे असतात. म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या फोनवर पाहून घ्यावे. फारच जुना अँड्रॉइड फोन असेल तर दोष फोनचाही असतो. ३० सप्टेंबर २०२१ रोजी एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली तेव्हा जुन्या यंत्रांवर जगभर अनेक वेबसाईट अडल्या होत्या. कधी कधी गिऱ्हाइकाच्या फोनची तारीखच चुकलेली असते. एकट्याच गिऱ्हाइकाची तक्रार आली तर आधी तेच विचारावे.

कुलूप काय राखते आणि काय राखत नाही

प्रमाणपत्र रस्ता राखते, दुकान राखत नाही. सर्व्हरचा पासवर्ड '१२३४५६' ठेवला तर चोर मागच्या दाराने येणारच. आणि प्रमाणपत्र दुकानदाराच्या सचोटीबद्दल काहीच सांगत नाही. फसवी दुकाने मांडणाऱ्या भामट्यांनाही ते फुकटच मिळते. कुलपाचे चित्र दिसले म्हणजे वेबसाईट भरवशाची, असे लोक समजू लागले, म्हणून क्रोमने २०२३ मध्ये कुलपाचे चित्रच काढून तेथे साधी खूण ठेवली. आपण स्वतः कच्चा माल ऑनलाईन मागवितो तेव्हा वेबसाईटचे नाव अक्षर अन् अक्षर वाचावे. एखादे अक्षर बदललेल्या नावालाही अस्सल प्रमाणपत्र मिळालेले असू शकते.

चिठ्ठी देणारा अडत्याही लुटला जाऊ शकतो, हे २०११ मध्ये दिसले. हॉलंडच्या डिजिनोटार या प्राधिकरणात चोर घुसले आणि त्यांनी गूगलसह अनेक नावांची खोटी प्रमाणपत्रे बनविली. त्यांच्या साहाय्याने मुख्यतः इराणमधील लोकांच्या ईमेलवर पाळत ठेवली गेली. सुमारे ३ लाख इंटरनेट पत्ते त्यात सापडले. ब्राउझरांनी त्या संस्थेचे नाव यादीतून काढताच ती दिवाळखोरीत गेली. २०१४ मध्ये आपल्या देशातही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्राधिकरणातून गूगल आणि याहूच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाली होती. अशा प्रकारांनंतर दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्राची जाहीर वहीत नोंद करण्याची पद्धत पडली. २०१८ पासून क्रोम अशा नोंदीशिवाय नवे प्रमाणपत्र मानत नाही.

ही वही कोणालाही पाहता येते आणि व्यापाऱ्याला ती फार कामाची आहे. आपल्या डोमेनचे नाव टाकले की त्याला कधी, कोणी, किती मुदतीचे प्रमाणपत्र दिले ते सारे दिसते. चाचांच्या पेढीचा तीन वर्षांचा उतारा आम्ही तेथूनच काढला. एकूण एक नोंद लेट्स एन्क्रिप्टची. विकतचे एकही नाही. बिल आणि उतारा समोरासमोर ठेवल्यावर त्या गृहस्थांनी वाद घातला नाही आणि पुढच्या वर्षाची देखभाल तेवढ्याच पैशांत होस्टिंगसकट करून देण्याचे कबूल केले. चाचांनी मात्र हिशेब मिटवून होस्टिंग आपल्या नावावर घेतले.

मुदती आणखी आखूड होणार

एक बाब तातडीची आहे. फुकट असो वा विकतचे, प्रमाणपत्राची मुदत सतत कमी होत आहे. २०२० च्या सप्टेंबरपासून कमाल मुदत ३९८ दिवस झाली. २०२५ च्या एप्रिलमध्ये प्राधिकरणे आणि ब्राउझर कंपन्या यांच्या संयुक्त मंचाने पुढचे वेळापत्रक ठरविले. १५ मार्च २०२६ पासून दिलेल्या प्रमाणपत्राची मुदत जास्तीत जास्त २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून अवघे ४७ दिवस. म्हणजे वर्षातून एकदा कोणाला तरी बोलावून हाताने प्रमाणपत्र बदलवून घेण्याचे दिवस संपले. '३ वर्षांचे प्रमाणपत्र एकदम घ्या, सवलत देतो' असे कोणी म्हणाला तर पैसे तीन वर्षांचे जातील, प्रमाणपत्र मात्र मध्ये पुन्हा पुन्हा बदलावेच लागेल. म्हणून वेबसाईट बनविणाऱ्याला एकच प्रश्न आधी विचारावा : नूतनीकरण आपोआप होते काय, आणि ते झाले नाही तर खबर कोणाला जाते? उत्तर 'मला' असे असेल तर 'मलाही' असे करवून घ्यावे.

लेट्स एन्क्रिप्टने मुदतीच्या आठवणीची ईमेल पाठविणे जून २०२५ पासून थांबविले आहे. त्या भरवशावर कोणी असेल तर त्याने दुसरी तजवीज करावी. मुदतीवर नजर ठेवून ईमेल करणाऱ्या मोफत सेवा आहेत, त्यांतील एखादी लावावी.

चाचांनी आपल्या पद्धतीने तजवीज केली. उधारीच्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी लाल शाईने प्रमाणपत्राची अखेरची तारीख लिहिली आणि तिच्या महिनाभर आधीची तारीख निळ्या शाईने. निळी तारीख उलटली त्या आठवड्यात नातीने त्यांना फोनवर प्रमाणपत्राचा तपशील उघडून दाखविला. अखेरची तारीख आपोआप दोन महिने पुढे सरकली होती. चाचांनी आम्हाला फोन केला, "बेटा, कोणी हातही लावला नाही आणि तारीख बदलली." मग वहीतली जुनी तारीख खोडून तिच्याखाली नवी लिहिली, पुन्हा लाल शाईने.